वूफरचे तोंड कुणीकडे?



या सदरात आपण बहुतेक वेळा पंपाच्या, इंजिनाच्या, फवाऱ्याच्या गोष्टी करतो. आजचे यंत्र जरा निराळे आहे. ते पिकाला पाणी देत नाही की शेंगांची मळणी करत नाही. तरीही अलीकडे त्याच्यावरून घरोघरी बापलेकांत कुरबुर होते आणि घामाचा पैसाही त्यात बराच जातो. हे यंत्र म्हणजे गाडीतला वूफर, ज्याला पोरे ‘बेसचा बॉक्स’ म्हणतात.

हिंगोली जिल्ह्यातल्या कळमनुरी तालुक्यात डोंगरकडा हे गाव आहे. आजूबाजूला केळी, हळद, ऊस. समजा, तिथल्या एका घरी हळदीची पट्टी हाती आली आहे. दारात चारचाकी उभी आहे. थोरल्या पोराने मागच्या दिवाळीत डिकीत दहा इंची वूफर बसवून घेतला, पण आवाज मनासारखा येत नाही. दुकानदार म्हणतो, “एकाने काय होते? जोडी करा.” एक मित्र म्हणतो, “तोंड पुढे कर.” दुसरा म्हणतो, “तोंड मागे कर.” वडील म्हणतात, “आधी बियाण्याचे बघ.” आणि मागच्या सीटवर बसणारी आजी म्हणते, “बाबा, माझ्या छातीत धडधडते, मला एसटीने जाऊ दे.”

आता यात खरे कोणाचे? मंडळी, थोडेथोडे सगळ्यांचेच खरे आहे. फक्त दुकानदाराचे ऐकायची पाळी सगळ्यात शेवटी यावी. वूफर कोणत्या जागी ठेवला यावर त्याची निम्मी धमक ठरते, आणि बॉक्स सरकवायला एक पैसाही लागत नाही. म्हणून आधी जागा बघायची, खिशात हात त्यानंतर घालायचा. याचे कारण नीट समजून घेऊ. कारण कळले की कोणत्याही गाडीत स्वतःलाच जागा शोधता येते.

लांब लाट वळून जाते

आवाज म्हणजे हवेतली लाट. ती सेकंदाला साधारण ३४५ मीटर धावते. पातळ, किणकिणता आवाज सेकंदाला हजारो कंपनांचा असतो, तर खर्जाचा आवाज थोड्या कंपनांचा. वूफरचे काम साधारण ३० ते ८० कंपनांमध्ये चालते. आता साधा भागाकार करा. सेकंदाला ५००० कंपने असतील, तर एकेक लाट सुमारे ७ सेंटिमीटर लांब, म्हणजे चार बोटांएवढी. सेकंदाला ४० कंपने असतील, तर लाट ८ मीटरांहून जास्त लांब. ही लाट तुमच्या गाडीपेक्षाही लांब झाली!

शेततळ्यात एक खुंट रोवलेला असला, तर मोठी लाट त्याला वळसा घालून पुढे जाते, जणू खुंट तिथे नाहीच. लांब लाटेचे असेच असते. दहा इंची वूफरचा पडदा जेमतेम २५ सेंटिमीटरचा. आठ मीटरांच्या लाटेपुढे तो त्या खुंटासारखाच लहान. म्हणून वूफरमधून निघालेला खर्ज पुढे, मागे, वर, बाजूला असा सगळीकडे सारखाच पसरतो. बॅटरीच्या प्रकाशासारखा तो एका दिशेने जात नाही. बारीक आवाजाच्या छोट्या स्पीकरचे मात्र उलटे आहे. त्याचे तोंड कानाकडे हवेच. नाही तर आवाज सीटला नाही तर पायांना धडकून तिथेच मरतो.

याचा अनुभव तुम्हाला आहेच. वरात दूरच्या गल्लीत असते, तेव्हा गाण्याचे शब्द ऐकू येत नाहीत, नुसते ‘धम धम’ ऐकू येते. शब्दांच्या छोट्या लाटा मधल्या घरांच्या भिंतींनी अडवल्या. खर्जाची लांब लाट भिंतींना वळसा घालून, काही भिंतींतून पार होऊन तुमच्या वसरीपर्यंत आली.

खर्ज कुठून येतो हे कानालाही नीट ओळखता येत नाही. गाडीच्या आत तर तो काचांवरून, छतावरून इतका झटपट परततो की दिशा अशी उरतच नाही. तरी कोणी म्हणते, “मला बेस मागूनच येतो असे वाटते.” त्याचे कारण बहुधा वेगळे असते. एक तर वूफरला जरुरीपेक्षा वरचे आवाजही दिलेले असतात, नाही तर डिकीतला पाना, जॅक किंवा नंबरप्लेट खडखडत असते. कान त्या खडखडाटावरून दिशा धरतो.

मग तोंड फिरवल्याने फरक का पडतो?

इथे पोरे विचारतील, “दिशा नाही म्हणता, मग तोंड मागे केल्यावर आमच्या गाडीत आवाज वाढला तो कसा?” प्रश्न रास्त आहे.

नागपंचमीचा झोका आठवा. झोका पुढे निघाला की मागून ढकलायचे. दोघींनी एकाच वेळी ढकलले तर झोका उंच जातो. एकीने पुढे ढकलायचे आणि दुसरीने त्याच क्षणी मागे ओढायचे असे झाले, तर दोघींचा जोर लागूनही झोका जागीच राहतो. लाटांचेही तसेच. वूफरमधून एक लाट सरळ तुमच्या कानाकडे येते. दुसरी मागच्या दरवाजावर आपटून परत येते. दोन्ही एका तालात आल्या तर बेरीज, उलट्या तालात आल्या तर वजाबाकी.

वजाबाकी केव्हा होते? समजा, पडदा मागच्या दरवाजापासून एक मीटर दूर आहे. परतणाऱ्या लाटेला जाऊन-येऊन दोन मीटर जास्त चालावे लागते. ज्या आवाजाची लाट चार मीटर लांब, त्याच्यासाठी ही नेमकी अर्ध्या लाटेची उशीर होते. म्हणजे सेकंदाला ८६ कंपनांच्या आसपासचा खर्ज आपोआप कापला जातो. गाण्यातली ढोलकीची धुम नेमकी तिथे असेल, तर ती हरवते. तुम्ही आवाज वाढवता, तरी भोक तसेच राहते, कारण सरळ लाट आणि परतीची लाट दोन्ही सारख्याच वाढतात.

आता तोच पडदा दरवाजापासून १५-२० सेंटिमीटरवर आणा. वजाबाकी होणारा आवाज आता सेकंदाला ४०० कंपनांच्या पुढे जातो. तो वूफरच्या कामाचाच नाही. खाली, खर्जाच्या भागात, दोन्ही लाटा जवळजवळ एका तालात येतात आणि बेरीज होते.

म्हणजे घडले असे : बॉक्स हातभर खोल असतो. त्याचे तोंड पुढून मागे फिरवले की पडदा दरवाजाच्या हातभर जवळ जातो. पोराला वाटले दिशेने फरक पडला. खरा फरक अंतराने पडला. बॉक्स तसाच ठेवून नुसता वीतभर मागेपुढे सरकवला तरी आवाज बदलतो, हे करून पाहा.

कोपऱ्याचाही असाच गुण आहे. माळावर बसून हाक मारा आणि मग वाड्याच्या कोपऱ्यात उभे राहून मारा. कोपऱ्यात तीन बाजू आवाजाला आवरतात आणि पुढे ढकलतात. बॉक्स डिकीच्या कोपऱ्यात, जमिनीला आणि दोन बाजूंना लागून ठेवला, तर बहुतेक गाड्यांत खर्ज भरतो.

बंद गाडी म्हणजे पंप

गाडीत खर्ज वाढण्याचे आणखी एक कारण आहे, आणि ते फार मजेचे आहे. गाडीची आतली पोकळी साधारण अडीच मीटर लांब. सेकंदाला ७० कंपनांच्या खालच्या लाटेचा अर्धा भागही त्या पोकळीत मावत नाही. तिथे लाटेचे चालणेच थांबते. वूफरचा पडदा सायकलच्या पंपातल्या दट्ट्यासारखा होतो. तो बाहेर आला की गाडीतली सगळी हवा एकदम दाबली जाते, आत गेला की सगळी सैल होते. आवाज जितका खर्जाचा, तितका हा दाब जास्त उपयोगी पडतो. छातीत धडधडते म्हणते ती आजी हाच दाब सांगते.

पंपाचे तोंड बोटाने घट्ट धरले तर दाब होतो, बोट जरा सैल केले की फुस्स. काच चार बोटे खाली करा, सगळ्यात खोल खर्ज गळून जातो. दरवाजाचे रबर फाटलेले असले तरी थोडेफार तेच होते. नवा ॲम्प्लिफायर घेण्याआधी ते रबर बघा. धूळही कमी येईल.

यावरून ट्रॅक्टरचे कोडेही सुटते. गाडीत एक बॉक्स छाती हलवतो आणि तोच ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बांधला तर पत्र्याच्या डब्यासारखा वाजतो. पोरे म्हणतात, “बॉक्स बिघडला.” बॉक्स ठणठणीत आहे. ट्रॅक्टरला बंद पोकळी नाही, मागे भिंत नाही, म्हणून दाब कोंडला जात नाही. वरातीच्या गाडीवर बॉक्सची उतरंड रचावी लागते ती याचसाठी. शेतात नांगरताना ऐकायला साधे छोटे स्पीकर पुरे. तिथे वूफरवर खर्च करणे म्हणजे माळावर पाणी सोडणे.

जागेने आवाज किती बदलतो हे पाहायचे असेल, तर विजापूरच्या गोलघुमटात जाऊन या. १६५६ साली पुरी झालेली ही इमारत. वरच्या सज्जात भिंतीशी तोंड नेऊन कुजबुजले, तरी समोरच्या टोकाला ऐकू येते. तीच कुजबूज मोकळ्या रानात दहा पावलांवरही पोचणार नाही. माणूस तोच, गळा तोच, जागा मात्र वेगळी.

कोणत्या गाडीत कुठे?

*मागचा दरवाजा वर उघडणारी छोटी गाडी.* या गाडीत डिकी आणि बसायची जागा एकच पोकळी आहे. बॉक्स मागच्या टोकाला, तोंड मागच्या दरवाजाकडे, मध्ये १० ते २० सेंटिमीटर जागा. ही पहिली जागा करून पाहा. दुसरी, तोंड वर छताकडे. सीटच्या पाठीला चिकटवून तोंड पुढे करणे बहुधा सगळ्यात फिके निघते, पण तेही एकदा ऐका.

*वेगळ्या डिकीची लांब गाडी.* इथे डिकी आणि माणसे यांच्यामध्ये सीटची जाड पाठ आणि मागचा फळा असतो. आधी मागची सीट पाडून ऐका. पाडल्यावर आवाज एकदम मोठा झाला, तर वाट अडते आहे असे समजा. बॉक्स अगदी मागे, मागच्या दिव्यांच्या बाजूला, तोंड मागे, असा ठेवून पाहा. पुष्कळ गाड्यांत तो चांगला वाजतो. डिकीच्या अधोमध सोडलेला बॉक्स बहुधा निराश करतो. डिकीचे झाकण आणि नंबरप्लेट खडखडत असेल, तर मागे नमद्याचे नाही तर फोमचे तुकडे लावा.

*जीप आणि बोलेरो.* नाशिकच्या कारखान्यातली बोलेरो २००० साली बाजारात आली आणि आपल्या भागात तिने चांगलाच जम बसवला. हिच्या मागे समोरासमोरच्या बाकांची जागा असते. बॉक्स मधल्या सीटच्या मागे, खाली, एका बाजूच्या कोपऱ्यात लावा. माणसांचे पाय आणि उतरायची वाट मोकळी राहिली पाहिजे. मागे पोरेबाळे बसणार असतील, तर पडद्यावर लोखंडी जाळी हवीच. पोराच्या एका लाथेत पडदा फाटतो.

*पिकअप आणि छोटा हत्ती.* इथे डिकी नाही, केबिन लहान. सीटखाली बसणारा चपटा वूफर पुरतो, कारण केबिन लहान म्हणून दाब लवकर होतो. मागच्या हौद्यात बॉक्स ठेवून काही उपयोग नाही.

एक गोष्ट सगळ्या गाड्यांना सारखी. काही बॉक्सना एक गोल भोक किंवा नळी असते. रिकाम्या घागरीच्या तोंडावर फुंकर घातली की ‘भों’ असा आवाज येतो, तसेच काम ही नळी करते. घागरीचे तोंड हाताने झाकले तर आवाज बंद. म्हणून नळीचे तोंड सीटला किंवा पत्र्याला चिकटवू नका. नळी जेवढी रुंद, निदान तेवढी तरी जागा पुढे मोकळी हवी. आणि डिकीत खताचे पोते टाकताना पडद्याला, नळीला टेकवू नका.

अर्ध्या तासाची परीक्षा

आता हे सगळे तुमच्या गाडीत करून बघायचे. लागते काय? दोन माणसे, एक खडू, एक वही.

१. गाडी सावलीत उभी करा. बेस वाढवायचे सगळे बटण शून्यावर. आवाज रोजच्याइतकाच.

२. ढोलकीची किंवा संबळाची सारखी धुम येणारे एक गाणे निवडा. शेवटपर्यंत तेच ठेवा. गाणे बदलले की परीक्षा फसली.

३. एकाने चालकाच्या जागी बसायचे, काचा बंद. दुसऱ्याने बॉक्स हलवायचा आणि दर वेळी मागचा दरवाजा लावायचा. दरवाजा उघडा ठेवून केलेली परीक्षा खोटी, कारण पंपाचे तोंड उघडे राहते.

४. तीन जागा घ्या : डावा कोपरा, मध्य, उजवा कोपरा. प्रत्येक जागी तोंड मागे, वर आणि पुढे. एकूण नऊ वेळा ऐकणे. बॉक्सभोवती खडूने रेघ मारा आणि वहीत दहापैकी गुण लिहा. कोणत्या खुणेचे किती, ते न बोलता लिहा. आधी बोलले की कान ऐकत नाही, मनच ऐकते.

५. ज्याला जास्त गुण, तिथे बॉक्स ठेवून आता वीतभर मागे, वीतभर पुढे करून पाहा.

६. ॲम्प्लिफायरवर ० आणि १८० असे लिहिलेले बटण असते. ते वूफरचा ताल उलटवते. झोक्याचे उदाहरण इथे लावा. पुढच्या दारांतले स्पीकर आणि मागचा वूफर एकाच वेळी ढकलत आहेत की एक ढकलतो आणि दुसरा ओढतो, ते या बटणाने कळते. दोन्हीकडे करून पाहा. ज्या बाजूला खर्ज भरदार वाटेल, ती तुमची बाजू.

७. वूफरला फक्त ८० कंपनांच्या खालचे आवाज जावेत असे दुसरे बटण लावा. मग बेस मागून येतो ही तक्रार बहुधा जाते.

शेवटी आजीला मागच्या सीटवर बसवा. गाडीत प्रत्येक सीटवर बेस निराळा असतो. चालकाला बरा वाटतो तो मागे असह्य असू शकतो. तिने मान हलवली तर बॉक्स पक्का करा. नाही तर आवाज दोन घरे खाली आणा. गाडी सगळ्या घराची आहे.

दुसरा वूफर घ्यावा का?

परीक्षेनंतरही हौस उरली, तर हिशेब ऐका. आवाज डेसिबलमध्ये मोजतात. ॲम्प्लिफायरची ताकद दुप्पट केली की आवाज वाढतो ३ डेसिबल. कानाला तो ‘जरासा वाढला’ एवढाच वाटतो. कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट ताकद! उलट, बॉक्स चुकीच्या जागेवरून नीट जागी आणला, तर काही सुरांना ३ ते ६ डेसिबलचा फायदा फुकटात मिळू शकतो. दुप्पट पैशाचे काम हातभर सरकवण्यात होते.

जोडी लावली तर आणखी एक धोका असतो. दोनपैकी एका वूफरची उणे-अधिकची तार उलटी जोडली गेली, तर एक पडदा बाहेर येतो तेव्हा दुसरा आत जातो आणि खर्ज गायब होतो. पोराला वाटते, अजून मोठा ॲम्प्लिफायर हवा. घरी तपासायचे असेल, तर वूफरच्या तारा ॲम्प्लिफायरपासून सोडवा आणि दीड व्होल्टचा बॅटरीचा सेल क्षणभर लावा. सेलची अधिक बाजू वूफरच्या अधिक खुणेला लावल्यावर पडदा बाहेर उडी मारायला हवा. दोन्ही पडदे सारखेच हलले पाहिजेत.

तारा, फ्यूज आणि पट्टा

आवाज कमी आला तर चालते, पण पुढच्या गोष्टी चुकल्या तर जीव जातो. म्हणून इथे कंजुषी नको.

बॅटरीपासून निघणाऱ्या जाड तारेला फ्यूज बॅटरीच्या जवळ, हातभर अंतराच्या आतच हवा. फ्यूज मागे ॲम्प्लिफायरजवळ लावला आणि मधेच तार पत्र्याला घासून उघडी पडली, तर त्या तारेला राखण कोणीच नाही. गाडी पेटायला तेवढे पुरे. तार तांब्याची आणि पुरेशी जाड असावी. पत्र्यातून जिथे जाते तिथे रबर हवे.

३०० वॅटचा ॲम्प्लिफायर पूर्ण जोरात चालला, तर १२ व्होल्टच्या बॅटरीतून २५ अँपिअरच्या वर ओढतो. इंजिन बंद ठेवून तासन् तास वाजवले, की रात्री अडचणीला गाडी सुरू होत नाही. बाळंतिणीला दवाखान्यात न्यायची वेळ सांगून येत नाही, हे ध्यानात असू द्या.

बॉक्स बांधलेला हवा. वूफरसह बॉक्सचे वजन सहज २० किलो भरते. ताशी ५० किलोमीटरच्या वेगात गाडी कशावर आदळली आणि एक मीटरभरात थांबली, तर तो बॉक्स दोनशे किलोच्या जोराने पुढे येतो, म्हणजे दोन क्विंटल, आणि तोही मागे बसलेल्या माणसांच्या पाठीवर. पक्के पट्टे किंवा लोखंडी पट्ट्या लावा. मात्र स्क्रू मारण्याआधी गाडीखाली वाकून पाहा. पुष्कळ गाड्यांत तिथेच इंधनाची टाकी आणि नळ्या असतात. सीएनजीची टाकी असलेल्या डिकीत तर हे काम जाणत्या मिस्तरीखेरीज कोणाला करू देऊ नका.

कान एकदाच मिळतात

आता वडिलांच्या आणि आजीच्या बाजूने दोन शब्द. माणसाचा कान खर्जाला मुळातच जरा बहिरा आहे. आवाज लहान ठेवला की खर्ज आधी नाहीसा होतो. हे १९३३ साली अमेरिकेत फ्लेचर आणि मन्सन या शास्त्रज्ञांनी मोजून दाखवले. म्हणून लहान आवाजात बेस कमी वाटला तर ती वूफरची खोड नव्हे. पण याच बहिरेपणामुळे आपण आवाज वाढवत जातो, आणि त्याबरोबर गाण्यातले वरचे आवाजही वाढतात. कानाच्या नसा त्याने कायमच्या जातात. ८५ डेसिबलमध्ये दिवसाला आठ तास ही कामगारांसाठी मानलेली मर्यादा आहे. दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ९१ ला दोन तास, १०० ला फक्त पंधरा मिनिटे. मोबाइलमधल्या आवाज मोजायच्या सोयीवर फार भरवसा ठेवू नका. ती बहुधा कानाच्या मापाने मोजते आणि ४० कंपनांच्या खर्जाचे सुमारे ३५ डेसिबल वजा करून आकडा दाखवते.

शेजाऱ्याचाही विचार हवा. खर्ज भिंतीला जुमानत नाही हे वर पाहिलेच. आपल्या देशात २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम झाले. वस्तीच्या भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा ठरली. रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. नियम बाजूला ठेवला, तरी परीक्षेला बसलेले पोर, तापाने फणफणलेले लेकरू, गोठ्यातली नुकती व्यालेली गाय यांना झोप हवी असते. आणि गाडी हाकणाऱ्याला मागच्या रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू आला पाहिजे. उसाच्या हंगामात रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर चालतात. तिथे कान उघडे असणे हाच खरा विमा.

तेव्हा बापलेकांनो, भांडू नका. येत्या रविवारी न्याहारी झाल्यावर दोघे मिळून ही परीक्षा करा. एकाने बॉक्स हलवायचा, दुसऱ्याने गुण लिहायचे. जागा सापडली तर पोराची हौस पुरी होईल, वडिलांच्या बियाण्याचे पैसे जागच्या जागी राहतील आणि आजीला एसटीची वाट बघावी लागणार नाही. सापडलेल्या जागेवर खडूची खूण तशीच राहू द्या. गाडी धुतली, बॉक्स काढला, तरी पुन्हा कुठे ठेवायचा ते कोणाला विचारावे लागणार नाही.